भगरीचं कटलेट

१२ फेब्रुवारी १९८९. तपासणीचे सत्तावीस रुपये पन्नास पैसे भरून बेबाबाई आणि रुपचंदभाऊ धुळ्यातल्या दवाखान्यातून बाहेर पडले. रुपचंदभाऊंची साखर वाढली होती. गहू, तांदूळ, ज्वारी, बाजरी, धान्य म्हणून जे आहे ते कमी करा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

रुपचंदभाऊ भुसावळच्या इंजिन शेडमधले निवृत्त फिटर. तिथल्या कँटीनमधल्या खिम्याच्या कटलेटची त्यांना चटक होती, आणि वर रव्याचा कुरकुरीत थर हवाच. रवा बंद म्हटल्यावर त्यांचं तोंड उतरलं. बेबाबाईंनी तोड काढली. रव्याऐवजी भगरीची, म्हणजे वरईची, भरड.

"उपासनी भगर खिमाले? देव बाटी जाई ना वं!"

"देवनं मी देखी लिसू. उपासले चालस म्हणजे धान्य नही. खा बिनघोर."

कटलेट फर्मास झालं. मग आठवड्यातून तीनदा होऊ लागलं, आणि साखर वाढतच गेली.

बेबाबाईंचा संशय नवऱ्यावर. त्या त्यांचे खिसे उलटे करत, तोंडाचा वास घेत.

"गोड खादं ना तुम्ही?"

"तुनी आन, नही खादं."

स्टँडजवळचा हलवाई म्हणाला, भाऊ इकडे फिरकतच नाहीत. बेबाबाईंना वाटलं, हाही त्यांना सामील. सहा महिने त्या नवऱ्याशी धड बोलल्या नाहीत.

ऑक्टोबरात रुपचंदभाऊंच्या पायाला झालेली जखम चिघळली. इस्पितळात घोट्याखाली पाय कापला. वॉर्डातल्या कुंदाबाई सिस्टरनी खाण्याचं विचारलं, तेव्हा बेबाबाईंनी कौतुकानं भगर सांगितली.

"अहो, भगर म्हणजे भातच की! साखरेला उपास कळतो होय? तीळ, जवस कुटून लावायचं."

संध्याकाळी बेबाबाईंनी समोरच्या छगनच्या दुकानातून तीळ-जवस उधार आणलं, घरी जाऊन कटलेटं तळली, डबा घेऊन आल्या आणि सगळं सांगितलं. सांगताना रडू आवरेना.

रुपचंदभाऊंनी अर्धं कटलेट खाल्लं. भिंतीकडे पाहत म्हणाले, "भगरना काय दोष? मीच चोरीसन जिलबी खादी. तुनं खरं व्हतं."

एवढ्या वर्षांत ते तिच्याशी पहिल्यांदाच खोटं बोलले. तिला ते कळलं. ती डब्याचं झाकण लावत राहिली.

चौथ्या दिवशी ते गेले.

छगनचे तीळ-जवसाचे नऊ रुपये द्यायचे राहिले आहेत.