कार्मीन नर्सबाईंचा अर्ज

जामसंड्याच्या कार्मीन नर्सबाईंनी १९६२ साली मुंबईच्या कचेरीत पाठवायचा नर्स-नोंदणीच्या नूतनीकरणाचा अर्ज पोस्टात टाकलाच नाही. आमच्याकडे पोस्टापेक्षा मुंबईला निघालेल्या माणसावर भरवसा जास्त. त्यांनी तो मुंबईला नोकरीवर परतणाऱ्या शेजारच्या गुरुदासाच्या हाती दिला.

डिसेंबरात मुदत संपली, तरी उत्तर येईना. बाळंतपणाला निघताना बाईंना एकच धास्ती असायची. काही विपरीत झालं, तर नोंदणी नसताना हात लावलाच कसा, असं विचारतील!

फेब्रुवारीत बायकोच्या बाळंतपणासाठी रजेवर आलेला गुरुदासच धापा टाकत दारात उभा राहिला.

"बाई, चला! बायलेक कळा येतत."

"माजो अर्ज दिलंस?"

त्याने मान खाली घातली. "तो माज्या ट्रंकेतच रवलो."

बाईंनी पिशवी उचलली.

"अर्ज ट्रंकेत रवलो. पोर पोटात रवाचा नाय. धाव, पाणी तापय!"