काकूच्या चेहऱ्याचं सेटिंग

सूर्य मावळताना फोटो काढायचा असेल, तर सूर्यापेक्षा आबांवर लक्ष ठेवावं. हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

मी हैदराबादला एका फोटो स्टुडिओत फ्रेमा ठोकतो. नववीत शाळा सोडलेल्या, तिथली भाषाही धड न येणाऱ्या पोराला शेठनी काम दिलं, वरची खोली दिली. यंदा सुट्टीवर गावी निघालो तर त्यांनी स्वतःचा जुना कॅमेराही माझ्या गळ्यात घातला. म्हणाले, मावळत्या सूर्यापुढे उभ्या जोडप्याचा एक चांगला फोटो आण, तुला आउटडोअरला, म्हणजे बाहेरच्या फोटोंच्या कामाला, नेतो. (आमच्या शिरपूरपर्यंत तो कॅमेरा मी मांडीवरून खाली ठेवला नाही. संडासातही बरोबर नेला.)

गावात सूर्यापुढे उभं राहायला तयार असलेलं जोडपं एकच निघालं, माझे काका म्हणजे नाना, आणि काकू. लग्नाला चाळीसेक वर्षं झालेली. त्यांना केळीच्या बांधावर उभं केलं. आबा, म्हणजे माझे वडील, ट्रॅक्टर घेऊन माझ्या मागे येऊन थांबले. पोराचं काम बघायचं होतं त्यांना.

पहिल्या फोटोत सूर्य झकास, नाना-काकू कोळसा. उजेड वाढवला. नाना दिसले, पण सूर्य गेला. आभाळ धुतलेल्या धोतरासारखं पांढरं. उजेड कमी करून फ्लॅश लावला. सूर्य आला, नाना मिशीसकट आले, काकू मात्र काळीच. फ्लॅश वाढवला. नाना भुतासारखे पांढरे, काकू काळीच. रंगाचं सेटिंग 'ढगाळ'वर नेलं. सूर्य केशरी, नाना हळद लावल्यासारखे, आणि काकू? काळीच!

नाना म्हणाले, "कॅमेरा तुना शेठना शे. बिघाडी टाकशी."

मी लेन्स पुसली, बॅटरी काढून परत घातली. तोवर सूर्य केळीच्या पानांना टेकला. शेवटी स्क्रीनवर काकूचा चेहरा मोठा करून पाहिला. चेहरा नव्हताच. गडद साडीचा पदर होता, थेट हनुवटीपर्यंत.

"काकू, पदर वर कर ना."

"आबा समोर उभा शेतस," पदराआडून आवाज आला. "कसा करू?"

खरंच की. आबा तिचे जेठ, नवऱ्याचे थोरले भाऊ. त्यांच्यासमोर तिने कधी तोंड उघडं ठेवलेलं नाही, हे मी जन्मापासून बघतोय. कॅमेऱ्यातून बघितलं आणि विसरलो.

मी वळून आबांकडे पाहिलं.

"मी काय करी ऱ्हायनू? मी तं नुसता उभा शे," आबा म्हणाले. पण निघाले बिचारे, ट्रॅक्टर घेऊन, शेताला वळसा घालून. तेवढ्यात सूर्य बुडाला. काकूने पदर वर करून मागे पाहिलं, सूर्य नाही हे कळलं आणि दोघं हसत सुटली. मी बटण दाबलं. त्याच क्षणी वळसा पुरा करून आबा त्यांच्या मागच्या केळीतून उगवले. आमच्या ट्रॅक्टरचा एकच दिवा चालू असतो.

'ढगाळ'वरच राहिलेल्या कॅमेऱ्यात तो दिवा असा गोल, असा केशरी आला, की हैदराबादला परतल्यावर शेठनी फोटो खिडकीच्या उजेडात नेऊन धरला. मग म्हणाले, सूर्य काय सुंदर पकडलायस.

ज्यांनी छप्पर दिलं त्यांना फसवायचं कसं? मी सगळं सांगून टाकलं. शेठ पोट धरून हसले, आणि शब्दही पाळला. आता प्रत्येक आउटडोअरला मी असतो. फोटो दुसरा कोणी काढतो. मी जोडप्याच्या मागे झुडपात दिवा धरून बसतो.

आबा गावभर सांगतात, पोरगं फोटोग्राफर झालं. खरं म्हणजे ट्रॅक्टर झालं.