दोडक्याचा मांडव आणि दुसरा डिव्हिजन

अगं सुनंदा, इकडं सरक, अशी जवळ बस. आणि तो मोबाइल उपडा ठेव. सख्खी भाची तू माझी, आणि मावशीनं काय केलं ते तुला लग्नाच्या पंगतीत परक्याकडून कळावं? एक फोन करून विचारायचं होतंस. आता माझ्याकडनं ऐक. आमचा चौरस्ता फुटबॉल क्लब दुसऱ्या डिव्हिजनमधनं तिसऱ्यात गेला तो माझ्यामुळं, हे खरं आहे. पण मी काही चुकीचं केलेलं न्हाय.

उमरग्यात फुटबॉल आला तो हायवेनं. आमच्या मामंजींचं चौरस्त्यावर हॉटेल होतं. एकदा हैदराबादकडचा एक ट्रक एक्सल मोडून हॉटेलच्या दारातच बसला. पार्ट यायला आठ दिवस लागले. ड्रायव्हर आणि क्लीनर दोघंही फुटबॉलवेडे, सीटखाली बॉल ठेवणारे. आठ दिवसांत त्यांनी आमच्या वेटर लोकांना खेळ शिकवला. नवव्या दिवशी पार्ट आला, ट्रक गेला आणि ऑफसाइड शिकवायचं राहून गेलं. (ते अजून राहिलेलंच आहे.)

मामंजींनी मागचं माळरान साफ केलं, क्लब काढला, आणि तेव्हापासून आम्ही जिल्ह्याच्या दुसऱ्या डिव्हिजनमध्ये. वर जायची ऐपत न्हाय, खाली जायची लाज. पहिल्या डिव्हिजनवाले आम्हाला ओळखत न्हाईत, पण तिसऱ्या डिव्हिजनवाले वाकून नमस्कार करायचे. तेवढ्यावर तीन पिढ्या ताठ मानेनं जगल्या बघ.

यंदा मात्र लई हाल झाले. अख्ख्या मोसमात आमचा एक गोल न्हाय. कप्तान रशीद गॅरेजवाला, वय बेचाळीस. पळायला लागला की पोट आधी पोचतं आणि मागनं रशीद. गोलकीपर आपला मल्लू. माझंच पोरगं आहे, म्हणून जास्त बोलत न्हाय. आणि तुझे काका क्लबचे सेक्रेटरी, म्हणजे क्लबचं सगळं सामान माझ्या जिन्याखाली.

त्या सामानात गोलच्या दोन जाळ्या. उन्हाळ्यात मी त्या कुरडयांवर टाकते, चिमण्या येत न्हाईत. यंदा परसात दोडका लावला. वेल चढवायला काहीतरी पाहिजे ना? मी एका जाळीच्या खालच्या कोपऱ्यातला तुकडा कापला, दोन हात लांब आणि दोन हात रुंद, आणि काठ्यांवर बांधून मांडव केला. आमचे गोल होतच न्हाईत, मग एवढी चांगली नायलॉनची दोरी वाऱ्याला कशाला टांगून ठेवायची, असा माझा विचार. तो विचार मला आजही बरोबरच वाटतो.

शेवटची मॅच तामलवाडीकडच्या टीमबरोबर, आमच्याच मैदानावर. बरोबरी झाली तरी आम्ही दुसऱ्यात राहणार होतो. हरलो की तिसऱ्यात. जाळ्या ह्यांनी बांधल्या. ह्यांना चष्म्याशिवाय दिसत न्हाय, आणि चष्मा घरी टीव्हीवर होता.

मी लिंबाखाली स्टूल टाकून बसले. पहिल्या हाफला मल्लू कापलेल्या जाळीकडं. (हे मला तेव्हा ठाऊक न्हाय बरं का. दोन्ही जाळ्या लांबनं सारख्याच दिसतात.) त्यांचे दोन बॉल मल्लूला चुकवून गेले. त्यांची पोरं हात वर करून नाचली, पण बॉल सापडला जाळीच्या मागं, बाभळीपाशी. रेफ्री धरणीला खिळल्यासारखे मैदानाच्या मध्यात. तिथनंच त्यांनी बाहेर दिला. मल्लू दोन्ही वेळा पळत जाऊन बॉल घेऊन आला. मी शेजारणीला म्हटलं, "बघ, पोरगं आज किती चपळ झालंय."

हाफटाइमला बाजू बदलल्या. शून्य-शून्य. शेवटची पाच मिनिटं राहिली असतील, कुणीतरी बॉल जोरात मारला, तो रशीदच्या गुडघ्याला लागला आणि सरळ त्यांच्या गोलमध्ये. कोपऱ्यातनं आत गेला आणि कोपऱ्यातनंच बाहेर पडला, परत त्याच बाभळीपाशी. रेफ्रीनं बाहेर दिला.

रशीद मैदानातच मटकन बसला. "काकू," माझ्याकडं बघून म्हणतो, "अंदर गया था. अल्लाकसम अंदर गया था."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. बाभूळ तीच, कोपरा तोच. मी उठले.

"कुठं निघालीस?" हे म्हणाले.

"घरी. तुकडा आणायला."

"कसला तुकडा?"

मी सांगितलं. ह्यांनी कपाळाला हात लावला. "बाई, खाली बस. बरोबरीत आहे. पाच मिनिटं गप बस, क्लब वाचतोय."

"पण गोल झालाय."

"झाला असला तरी नको."

"साऱ्या मोसमात एक झालाय, तो पण नको?"

आमचं परस मैदानाला लागूनच. काठ्या उपटल्या, वेलाचा बुंधा जमिनीतच ठेवून वरच्या शेंड्यांसकट तुकडा तोडून खांद्यावर घेतला आणि थेट मैदानात.

"आजी, बाहेर व्हा," रेफ्री म्हणाले. "मॅच चाललीय."

"मैदान माझ्या सासऱ्यानं साफ केलंय. तुम्ही नुसतं माप बघा."

बिचाऱ्यांनी वाकून तुकडा भोकाला लावला. तंतोतंत बसला. एक दोडका गोलच्या आत लोंबायला लागला. रेफ्री बराच वेळ त्या दोडक्याकडं बघत राहिले, मग म्हणाले, "गोल." आमची सगळी लोकं नाचायला लागली, रशीद माझ्या पाया पडला.

तेवढ्यात त्यांचा कप्तान जवळ आला. पोरगं लई नम्र. "मावशी, हे भोक आत्ताच पडलंय का?"

"आत्ता कशाला? लई दिवस झाले. मी स्वतः कात्रीनं कापलंय."

"मग पहिल्या हाफला आमचे दोन बॉल इकडनंच..."

"गेले असतील तर गेले असतील. आम्ही काय लबाड हाव का? विचारा माझ्या मल्लूला."

मल्लू खाली बसून बुटाची नाडी बांधायला लागला. बांधलेलीच होती.

"मल्लू, माझ्या गळ्याची शपथ आहे."

"आई, तू घरी जा."

"किती गेले?"

"दोन," मल्लू बुटाला म्हणाला.

रेफ्रींनी शिट्टी खिशात घातली. "हे पुस्तकात कुठं न्हाय. द्यायचे तर तिन्ही देतो, न्हायतर एकपण न्हाय. कप्तानांनी ठरवा." त्यांच्या पोरानं पटकन मान डोलावली. आता सगळे रशीदकडं बघायला लागले.

"एकपण न्हाय म्हण, रशीद," हे मागनं ओरडले. "शून्य-शून्य म्हण."

रशीदनं माझ्याकडं बघितलं. खरं सांगते सुनंदा, तिथं मी गप बसले असते तर क्लब वाचला असता. पण त्याचं तोंड बघितलं आणि मला राहवलं न्हाय. "गोल तुझा आहे," मी म्हटलं. "सोडू नको."

रशीदनं छाती पुढं काढली. (पोट आधी आलं.) "तीनों लिखो, सर."

दोन-एक हरलो. तरी आमच्या पोरांनी रशीदला खांद्यावर घेऊन चौरस्त्यापर्यंत वरात काढली. तामलवाडीवाले जीपमध्ये बसून बघत होते, नक्की जिंकलं कोण म्हणून. हे चार दिवस माझ्याशी बोलले न्हाईत. पाचव्या दिवशी बोलले, "चष्मा कुठंय?"

तर आता आम्ही तिसऱ्यात. ज्या कुणी पंगतीत हसत हसत तुला सांगितलं ना, त्याला माझा निरोप दे. म्हणावं, आमचा क्लब खरं बोलून हरलाय आणि गोल मारून खाली आलाय. लपवून वर राहण्यापेक्षा ते बरं. पुढच्या महिन्यात पहिली मॅच आहे, तिथनं परत वर चढू.

फक्त एक अडचण आहे. तुकडा जाळीला परत शिवायचा आहे, पण त्या दिवशी मी तो जसाच्या तसा मांडवावर नेऊन बांधला आणि मेला वेल आधीपेक्षा जास्त धरायलाय. भरला वेल तोडायला हात होत न्हाय. घरात रोज दोडका, रशीदकडं दोडका, रेफ्रींच्या घरीसुद्धा पिशवी पाठवली. तेव्हा आज जातेस ती जा, पण येत्या रविवारी पोराबाळांसकट परत ये आणि दोन दिवस राहून पोटभर दोडके खा. तुम्ही खाऊन संपवल्याशिवाय आमच्या गोलला जाळी न्हाय.