लेकीच्या गावात हॉटेल

आमच्या व्याह्यांइतका छळवादी सज्जन माणूस अख्ख्या मराठवाड्यात शोधून सापडायचा नाही. सज्जन म्हणते, कारण रस्त्यात कुणाची स्कूटर बंद पडली तर हे स्वतःची बाजूला लावून त्याची ढकलत नेतात. छळवादी म्हणते, कारण हा मनुष्य माझ्या घरी येतो, माझ्या सोफ्यावर बसतो आणि पिशवीतून थर्मास काढून स्वतःचा चहा पितो! त्यांची लेक आमची सून झाली, तेव्हापासून हे चालू आहे. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या सासरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, ही त्यांच्या गावाकडच्या, करमाडच्या घरातली जुनी रीत. उस्मानपुऱ्यातून भर उन्हात आमच्याकडे पडेगावला येतील, घामानं निथळतील, पण पाणी पितील ते पिशवीतल्या बाटलीचं. पहिल्यांदा मी तांब्या पुढे केला तेव्हा हात जोडून म्हणाले, "रागवू नका ताई, रीत हाय. नातवंडाच्या बारशाला बघा, पंगत उठली तरी मी उठायचा नाय." वर थर्मासच्या झाकणात ओतून मलाच चहा देऊ केला. आणि मी तो घेतला! स्वतःच्या घरात मी पाहुणी झाले, याचा संताप मला अजून येतो.

मुलगा आणि सून फ्रान्समध्ये असतात, समुद्रकाठच्या एका छोट्याशा बंदराच्या गावात. मुलगा तिथे बोटींच्या इंजिनांचं काम पाहतो. यंदा त्यांनी आठवडाभरासाठी आम्हा दोघा नवरा-बायकोला आणि व्याह्यांना बोलावलं. विहीणबाई जाऊन बरीच वर्षं झाली, तेव्हा तिकडून हे एकटेच. आता आठवड्याच्या मुक्कामात ठरवायचं ते काय असतं? कपडे भरा आणि निघा. पण व्याह्यांनी 'बंदोबस्त माझ्याकडं' असं जाहीर केलं आणि माझ्या डोक्याला ताप सुरू झाला.

ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे जगाकडे ते पाण्याच्या बाजूनंच बघतात. आमच्या शहरात नळाला पाणी रोज येत नाही. ज्या दिवशी येतं तो 'पाण्याचा वार', आणि त्या दिवशी हे सख्ख्या भावाच्या लग्नालाही जाणार नाहीत. मुलानं स्वस्तातलं तिकीट शोधून काढलं तर म्हणाले, "त्या दिवशी नाय जमायचं, पाण्याचा वार हाय. टाकी कोण भरील?" मुलानं बिचाऱ्यानं तारीख बदलली. मग नळाचा वार सरकला आणि नेमका नव्या तारखेवर येऊन बसला! यांनी ती तारीखही बदला म्हटलं, तेव्हा मी फोनवर अशी काही कडाडले, की शेजारीण काय झालं म्हणून धावत आली. "ताई, तुमचा आवाज लई खणखणीत हाय," एवढंच ते म्हणाले. सुनेनं कौतुकानं बंदराचा फोटो पाठवला, पांढऱ्याशुभ्र बोटी, निळंशार पाणी. व्याही तो फोटो डोळ्यांजवळ नेऊन म्हणाले, "एवढं पाणी अन् सगळं खारं. काय उपेग?"

पण कहर केला तो हॉटेलानं. लेकीचं घर तिथे असताना यांना तिच्या घरापासून हाकेच्या अंतरावर हॉटेल हवं होतं. दिवसा तिच्याकडे बसायचं आणि जेवायला, झोपायला हॉटेलात जायचं. रीत म्हणजे रीत! बरं, हॉटेलातलं जेवण कोण खाणार? सोबत ज्वारीचं पीठ, कारळाची चटणी आणि विजेची शेगडी न्यायची. मग त्या पोरीनं हॉटेलला फोन करून विचारलं, की माझे वडील खोलीत भाकरी थापू शकतील का? कुठल्या तोंडानं विचारलं असेल तिनं! हॉटेलवाल्यांनी अर्थातच नाही म्हटलं. "काय हरकत नाय," व्याही म्हणाले, "धपाटे नेतो. टिकतात."

ऐकणारे हसायचे. मला हसू येत नव्हतं, त्याला कारण होतं. सुनेला मूल होणार नाही, हे डॉक्टरांनी तिला सांगून टाकलं होतं. तिनं ते मला फोनवर सांगितलं आणि बाबांना कळू द्यायचं नाही म्हणून शपथ घातली. त्यामुळे यांनी थर्मास उघडला की माझा जीव तळमळायचा. अरे, कसली ही रीत? लेक परमुलखात तोंड मिटून सोसतेय आणि बाप तिच्या गावात हॉटेल शोधतोय!

एका रविवारी व्याही आमच्याकडेच बसलेले असताना सुनेचा व्हिडिओ कॉल आला. तिनं एक खोली दाखवली. खिडकीतून बंदर दिसत होतं, पलंगावर नवी चादर होती. "बाबा, ही तुमची खोली."

"कशाला गं तकलीफ घेतलीस? हाटेल ठरलंय की आपलं."

तिनं मोबाईल स्वतःकडे वळवला. मग म्हणाली, "बाबा, मला मूल होणार नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. मग तुम्ही माझ्या घरी कधीच जेवणार नाही का?"

मी तोंड उघडणार होते. इतक्या वर्षांचं सगळं साचलेलं जिभेवर आलं होतं. पण व्याह्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. टीपॉयवर आमच्या ह्यांचा अर्धा प्यालेला पाण्याचा ग्लास होता. तो उष्टा ग्लास त्यांनी उचलला, मोबाईलसमोर धरला आणि एका दमात रिकामा केला.

"बघितलंस? हे बी तुझंच घर ना? झालं तर मग. हाटेल कॅन्सल कर. पीठ मी आणतो, भाकरी तू थापायची."

पलीकडे ती बाहीनं डोळे पुसत मान हलवत राहिली. फोन बंद झाल्यावर व्याही ग्लास हातात धरूनच बसले होते. "पोरीनं मला सांगितलं नाय, ताई. मीच सांगण्यासारखं ठेवलं नाय," म्हणाले. मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. नातवंडाची वाट मीही पाहिली होती आणि त्याबद्दल आजवर कुणापाशी बोलले नव्हते.

"जेवून जा," मी म्हणाले.

त्यांच्या पहिल्या जेवणाला पुरणाचा घाट घालायचा, हे मी मनाशी कधीचं ठरवून ठेवलं होतं. त्या दिवशी घरात होतं पिठलं आणि सकाळचा भात. बारशाला जेवणार होते ते, बारसं होणार नाही हे कळल्यावर जेवले. खाली मान घालून, एकही शीत न टाकता. मी वाढत राहिले आणि पहिल्यांदाच त्यांनी कशाला नको म्हटलं नाही.