चार अक्षरं आणि एक तीट

दुपारचं जेवण अंगावर आलं, की कोमट पाण्यात ठेवलेल्या नळ्यांसमोर बसून जागं राहणं भल्याभल्यांना जमत नाही. सुनेत्राचेही डोळे मिटताहेत. हातात नळ्यांवर नावं घालायचा निळा मार्कर. नळ्यांत डीएनए आहे आणि तो कापणारी कात्री, म्हणजे एन्झाइम. दोनदा ही कात्री ढिम्म हललेली नाही. आजही नाही कापलं तर हा विषय सोड, असं खाडिलकर मॅडमनी सकाळीच बजावलंय, आणि ते सुनेत्राच्या अगदी जिवावर आलंय.

पाण्याची घरघर सायकलच्या चाकाची होते. ती कॅरिअरवर बसली आहे आणि पुढे अण्णा पायडल मारताहेत. अण्णा म्हणजे तिचे वडील, कराडात पाट्या रंगवणारे पेंटर. जाऊन दोन वर्षं झाली, पण शर्टाला टर्पेंटाइनचा वास तोच. आनंदाने ती त्यांना मागून मिठीच मारते.

"अगं, पडशील! मलाबी पाडशील!"

रस्ता कराडचाच, पण दोन्ही बाजूंच्या दुकानांच्या पाट्यांवर एकेकच अक्षर. ए, टी, जी, सी. पुन्हा तीच.

"चारच? पोरीला चार अक्षरं शिकवा म्हणून तुझी आई पाठीस लागली हुती, ती हीच व्हय?"

"हीच, अण्णा. डीएनएची. सगळा जीव ह्यांतच लिहिलेला असतो."

"मग कुठं कापायचं, हे कात्री ठरवती कशी?"

"जाताना डाव्या हाताची ओळ वाचा. येतानाही डाव्या हाताचीच. एके ठिकाणी सहा अक्षरं दोन्ही वेळा सारखीच येतात. कात्री तिथेच थांबते."

"म्हंजे 'वाचवा'! उलटं वाचा, सुलटं वाचा, वाचवाच!"

स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन अण्णा घंटी वाजवतात. सायकल त्यांच्या स्वयंपाकघरात येऊन थांबते. घोट्याएवढं कोमट पाणी साचलंय आणि दोरीवर पाट्या वाळत घातल्यात.

"ही कात्री कुणाची म्हणं?"

"एका बॅक्टेरियाची. घरात घुसणाऱ्या विषाणूचा डीएनए कापायला ठेवलेली."

"ती सहा अक्षरं त्याच्या सोताच्या डीएनएतबी असतीलच की. ती का कापत न्हाई?"

"तो आपल्या अक्षरांना तीट लावून ठेवतो. तीट दिसली की कात्री..."

सुनेत्रा थबकते. अण्णांनी ब्रश काळ्या रंगात बुडवलाय. ती लहान असताना काजळ सापडलं नाही की ते ऑइलपेंटची तीट लावायचे, आणि "आता पोरीला घासलेटनं पुसू का?" म्हणून आई तणतणायची.

"कात्री काय? बोल की."

"हात लावत नाही! अण्णा, मी माझा डीएनए तीट लावणाऱ्या बॅक्टेरियातच वाढवला!"

"मग बिनतिटीच्यात वाढीव. एवढ्यासाठी तोंड पाडून बसलीयास व्हय?"

ब्रश तिच्या गालाला टेकतो. गार लागतं.

"सुनेत्रा! झोपलीस?" दारात खाडिलकर मॅडम. "कापलं का?"

"नाही, मॅडम. आणि कापणारही नाही," सुनेत्रा हसत सुटते. "तीट लागली आहे. ज्या बॅक्टेरियात वाढवला, त्याने खूण करून ठेवलीय. खूण न करणाऱ्यात वाढवते, मग बघा."

मॅडम कपाळावर हात मारून हसतात. "माझ्याही लक्षात आलं नाही बघ. कर सुरुवात. आधी तो गाल धू."

बेसिनवरच्या आरशात सुनेत्रा बघते. डाव्या गालावर ठिपका आहे, गोल, काळा. हातातला मार्कर निळा आहे. साबणाने ती एकदा घासून बघते. जात नाही. घासलेट लागणार.

घासलेट शोधायला ती जात नाही.