मातीचा नमुना

रामलिंग गार्ड मातीची चिमूट जिभेवर ठेवून बघायचा. मला पहिल्यांदा दिसला तो तसाच. आमच्या रानाला लागून, माढ्याच्या अंगाला, फॉरेस्टचा डोंगर आहे. तिथं उकिडवा बसून हा माती चाखत होता, शेजारी कापडी पिशव्या.

"काय चाललंय गार्डसाहेब?"

"नमुना घ्यायलोय, अण्णा. डोंगराचा नमुना हापिसात द्यायचा हाय."

मी चौथी शिकलोय. पण सातबाऱ्याला गाव नमुना म्हणतात, एवढं मला कळतं. म्हटलं, हा गोड बोलून माझं रान जंगलाच्या नमुन्यात घालणार. माझ्या बापानं दगड वेचून केलेलं रान!

मी पाळत ठेवली. त्याला प्यायला पाणीसुद्धा दिलं नाही. एकदा तो पिशव्या बांधावर ठेवून वर गेला, तेव्हा त्यातली माती ओतून दिली आणि माझ्या विहिरीतला गाळ भरला. घे म्हटलं नमुना.

सांजच्याला तो दारात आला. पिशवीतली चिमूट जिभेला लावून तोंड वाकडं केलं. "मचूळ! ही तुमच्या हिरीतली हाय की. माजा नमुना कशापायी बदलला?"

"तू माझा सातबारा कशापायी बदलतोस?"

तो इतका हसला, की माझी म्हातारी चुलीपासनं उठून बाहेर आली. "अवो, मातीचा नमुना! कुटली झाडं जगतील ते बघाया. तुमचं रान पिशवीत घालून न्हेतो व्हय?"

मला पटलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं मला वर नेलं. झाडाखाली काळी, भुसभुशीत माती, जेमतेम बोटभर. पलीकडं उघडा खडक. तिथली माती मीच डाळिंबाच्या खड्ड्यांना पाट्या भरभरून नेलेली.

"पाला कुजून एवढी माती व्हायला तुमची-माजी उमर पुरायची न्हाय, अण्णा. रान तुमचं हाय तितंच हाय. चोरीला गेला तो डोंगर."

मी माफी मागितली नाही. त्यानंही माझ्या नावानं वर तक्रारीचा कागद केला नाही. बदली झाली तेव्हा बांधावर थांबून एवढंच म्हणाला, "नमुने लई बघितले, पर तुमच्यासारखा न्हाय."

मी अजून नातीला दरसाल मोबाइलवर उतारा बघायला लावतो. नाव माझंच असतं. मग विहिरीच्या पाण्यावरच्या डाळिंबाखालच्या मातीच्या चार पाट्या डोक्यावरून डोंगरात नेतो, त्या खडकावर ओततो, आणि उतरण्याआधी चिमूटभर जिभेला लावतो.

अजून मचूळच लागते.