खोटा कॉम्प्युटर

माझी सून पल्लवी हौसेनं बटण दाबल्यावर कॉम्प्युटरला जागं करणारा प्रोग्राम लिहिते आहे. तिच्या लॅपटॉपच्या पडद्यावर छोट्या चौकटीत आणखी एक कॉम्प्युटर दिसतो. तो खोटा, त्याला एम्युलेटर म्हणतात. त्यात तिचा प्रोग्राम आज सकाळपासून वीसदा कोसळला आणि दर वेळी ती हसली.

"अगं, मोडलं ना?"

"मोडू दे की, आई! खऱ्याला काही होत नाही. आता प्रोग्रामला एकेक पाऊल चालवते, म्हणजे कुठे पडला ते कळेल."

मी चौथी शिकलेली, पण हेवा तिच्या शिक्षणाचा नाही, त्या हसण्याचा वाटला. याच घरात माझी पहिली पुरणपोळी तव्यावर फाटली, तीही पंगत बसलेली असताना. कुठे चुकलं ते कुणी दाखवलं नाही. सासूबाई मात्र वर्षानुवर्षं ती फाटल्याचं सगळ्यांना सांगत राहिल्या. मला कुठला खोटा तवा?

"आज भाजी कोण चिरणार?" मी म्हटलं. आवाज अगदी सासूबाईंचा निघाला.

पल्लवी लॅपटॉप तसाच सोडून उठली आणि विळीवर येऊन बसली. तिचं हसू गेलेलं पाहून मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

"ऊठ," मी म्हटलं. "जा, अजून एकदा पाड त्याला."

हेवा अजून आहे. भाजी मीच चिरली.